चढत गेलेला आकडा

कुवेतमधली ती घटना आजही आठवते, आणि आठवते ती एका रंगाच्या डब्यामुळे. त्या डब्यात दारू असेल असे मला सांगण्यात आले होते. मी तो स्वतः उघडला.

मी महाराष्ट्र पोलिसांतून निरीक्षक म्हणून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि एका बांधकाम कंपनीत सुरक्षा अधिकारी म्हणून कुवेतला गेलो. दोन हजार सालानंतरची ती वर्षे. मी आणि सौ. अबू हलीफाला फ्लॅटमध्ये राहत होतो. कंपनीचा कामगारांचा कॅम्प महबूलाला आणि काम जहराच्या बाजूला. पहाटे बसगाड्या भरून माणसे जायची, अंधार पडता परत यायची. माझ्या अंगावर वर्दी नव्हती आणि हातात अधिकारही नव्हते, पण काम ठाण्यातल्यासारखेच होते. गेटवर पहारा, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, खोल्यांची तपासणी, भांडणे, चोऱ्या. आणि दारू.

त्या देशात दारूला पूर्ण बंदी. म्हणून ती मिळत नाही असा कोणाचा समज असेल तर तो पोलीस खात्यात कधी नव्हता एवढेच म्हणता येईल. कॅम्पमधले लोक रंगाच्या रिकाम्या डब्यात खजूर, साखर आणि यीस्ट घालून, वर ओला कपडा बांधून, कॉटखाली ठेवून द्यायचे. आठवड्याभरात माल तयार. सापडला की माणूस मखफरला, म्हणजे तिथल्या पोलीस ठाण्यात, आणि तिथून बहुधा विमानात.

त्या उन्हाळ्यात आमची दोन माणसे पिऊन रस्त्यावर सापडली. एक कोकणातला शटरिंगचा सुतार, दुसरा आमच्याच बसचा ड्रायव्हर. कंपनीच्या साहेबांची ओळख कामी आली आणि मखफरने दोघांना तअहुदवर सोडले. तअहुद म्हणजे लेखी हमी. आपल्याकडे न्यायालय चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडते, प्रोबेशन म्हणतात, त्यातलाच प्रकार. फरक असा की आपल्याकडे प्रोबेशन ऑफिसर असतो, तिथे कंपनीच जामीन. कंपनीने सहा महिने दोघांची रोज पहाटे गेटवर श्वासाची चाचणी घ्यायची, आणि एकदा जरी दारू दिसली तरी मखफरला कळवायचे. मग सरळ घरी रवानगी, आणि पुन्हा त्या देशात पाऊल नाही.

चाचणीचे यंत्र हातात मावणारे होते. नळीत फुंकायचे, पडद्यावर आकडा येतो, जास्त असेल तर लाल दिवा लागतो. कामगारांनी त्याचे नाव पिपाणी ठेवले होते. यंत्र आले तेव्हा मी खूश झालो होतो हे कबूल करतो. माझी सगळी नोकरी दारूबंदीच्या केसेसमध्ये तोंडाचा वास, डोळ्यांच्या बाहुल्या, चाल आणि बोलणे तपासण्यात गेली. पंच बोलवा, दवाखान्यात न्या, रक्ताचा नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवा आणि अहवालाची वाट बघत बसा. इथे एका फुंकरीत निकाल.

त्या वर्षी रमजान आणि नवरात्र एकाच वेळी आले होते. रमजानमध्ये कुवेतला दिवसा कोणी चारचौघांत खात-पीत नाही, तसा कायदाच आहे. साइटवरही दुपारी कोणी डबा उघडत नसे. रोजा असणाऱ्यांना उंचावरच्या कामावर चढवायचे नाही, खालीच ठेवायचे, असा कंपनीचा नियम होता. आदल्या वर्षी एक जण चक्कर येऊन परांचीवरून पडला होता, त्यानंतर तो नियम झाला.

पाचव्या माळेच्या पहाटे गेटवरच्या गार्डने मला फोन केला. सुताराने फुंकले आणि लाल दिवा लागला. मी गेलो. पद्धतीप्रमाणे त्याला चूळ भरायला लावली, पाव तास बसवून ठेवले आणि पुन्हा फुंकायला लावले. यंत्रच बिघडले नसेल ना म्हणून मधल्या वेळात मी स्वतः फुंकून पाहिले. माझा आकडा शून्य. त्याचा पुन्हा लाल. आकडा फार मोठा नव्हता, पण तअहुदला कमी-जास्तीशी देणेघेणे नव्हते.

त्याला मी कामावर जाऊ दिले नाही.  तो खाली मान घालून बाकावर बसला.

तासाभराने ड्रायव्हर मला भेटायला आला. तअहुदवरचा तोच दुसरा. पोलिसांचा खबऱ्यांशी संबंध आयुष्यभराचा, त्यामुळे खबर देणारा माणूस जवळ येऊन कसा इकडे-तिकडे बघतो ते मला सवयीचे होते. त्याने सांगितले की सुताराच्या कॉटखाली रंगाचा डबा आहे, वर ओला कपडा टाकलेला असतो, सकाळ-संध्याकाळ तो त्यात पाणी घालतो आणि कोणाला हात लावू देत नाही. वर असेही म्हणाला की साहेब, एकाच्या पायी आम्हा सगळ्यांवर बालंट नको.

मी दोन गार्ड आणि कॅम्पचा फोरमन बरोबर घेऊन खोली गाठली. खोलीत सहा कॉट. सुताराचा खालचा. वरच्या कॉटवर राजापूरकडचा एक वयस्कर मुसलमान एसी मेकॅनिक राहायचा. त्या दिवशी त्याची रात्रपाळी संपली होती म्हणून तो तिथेच झोपलेला होता. डबा ड्रायव्हरने सांगितला तिथेच होता. मी कपडा काढला.

आत काळी माती होती आणि तिच्यातून बोटभर उंचीचे गव्हाचे पिवळे-हिरवे कोंब वर आलेले. मध्ये स्टीलचा तांब्या, त्यावर नारळ. साइटवरून आणलेल्या मातीत त्या माणसाने कॉटखाली घट बसवला होता. दिवा तेवढा नव्हता, कारण खोलीत विस्तव पेटवायला बंदी होती. फोरमन केरळचा, त्याला काही कळेना. मला मात्र एका नजरेत कळले आणि मी कपडा पुन्हा होता तसा टाकला. खरे सांगायचे तर त्या क्षणी मला जरा ओशाळल्यासारखे झाले. बूट घालून देवघरात शिरल्यासारखे वाटले.

पण पोलिसाने ओशाळून चालत नाही. डब्यात दारू नव्हती म्हणजे पोटात नव्हती असे होत नाही. घट बसवणारा माणूस पीत नाही, असा पुरावा मला माझ्या सगळ्या नोकरीत कधी मिळालेला नव्हता. लाल दिव्याचा प्रश्न होता तिथेच होता.

मी सुताराला ऑफिसात नेऊन चौकशी सुरू केली. माझी चौकशीची पद्धत सरळ आहे. आधी ज्या गोष्टी मला माहीत आहेत त्या विचारायच्या, म्हणजे माणूस खरे बोलतो की नाही ते कळते. कुठून आला, कोणाबरोबर राहतो, काल संध्याकाळी कुठे होता. सगळी उत्तरे बरोबर. खोकल्याचे औषध घेतलेस का? नाही. तोंड धुवायचे औषधी पाणी? नाही. वैद्याकडचे आसव, अरिष्ट? नाही. मग आकडा कसा आला?

तो म्हणाला, “साहेब, मी घेतलेली नाय. पण यंत्र बोलतंय तर तुमी यंत्राचंच धरा. माझं कोण धरणार?”

त्याच्या तोंडाला वास होता, पण दारूचा नव्हता. हातभट्टीचा, देशीचा, विलायतीचा, सगळे वास मी ओळखतो. हा जरा गोडसर, नासायला आलेल्या फळासारखा. डोळे खोल गेलेले होते. चाल मंद, पण झोकांडी नाही. माणूस काहीतरी लपवतो आहे एवढे नक्की होते, आणि काय लपवतो आहे ते मला कळत नव्हते. गुन्हेगार लपवताना जास्त बोलतो. हा गप्प होता.

दुपारी कंपनीचा मंदूब आला. सरकारी कचेऱ्यांतली कामे करणाऱ्याला तिथे मंदूब म्हणतात. आमचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा होता, माणूस वाईट नव्हता, पण त्याच्यामागे कामे फार. मी त्याला माझी शंका सांगितली. त्याने यंत्राकडे बोट दाखवले आणि आखातातल्या सगळ्यांना समजणाऱ्या हिंदीत म्हणाला, “मशीन बोला, खलास.” दवाखान्यात नेऊन रक्त तपासावे असे मी सुचवले. त्यावर तो म्हणाला की दवाखान्यात दारूचा संशय कागदावर आला की प्रकरण आपोआप मखफरला जाते, मग रक्तात काही निघो वा न निघो, हा माणूस काही इथे राहत नाही. माझ्या विनंतीवरून त्याने मखफरला कळवणे परवा दुपारपर्यंत थांबवले. तेवढाच वेळ माझ्या हातात होता.

मी सुताराला ऑफिसाशेजारच्या आजाऱ्यांच्या खोलीत ठेवले. झडती घेतली, दाराला कुलूप लावून गार्ड बसवला, खिडकीला जाळी होतीच. पिण्याचे पाणी मी माझ्या हाताने भरून दिले. विचार साधा होता. प्यायला असेल तर सकाळपर्यंत उतरेल. मग निदान मंदूबाला सांगता येईल की एकदाच चूक झाली, पुढे नाही. त्या दिवशी मी त्याच्या बाजूने एवढाच विचार करत होतो.

सकाळी मी स्वतः त्याला फुंकायला लावले. आकडा आदल्या दिवसापेक्षा जास्त आला.

मी पुन्हा फुंकायला लावले. तोच आकडा. गार्डला विचारले, कोणी आत आले नव्हते. खोली पुन्हा तपासली, काही नव्हते. मी खुर्चीवर बसलो आणि मला जाणवले की आपल्याला उत्तर मिळाले आहे, फक्त ते कशाचे हे कळायचे आहे. दारू पोटात गेल्यावर तासागणिक उतरत जाते. कोंडून ठेवलेल्या माणसाची दारू चढत नाही. हा आकडा चढत होता, म्हणजे हा आकडा दारूचा नव्हता. इतकी सोपी गोष्ट, पण ती यंत्राने सांगितली नाही. ती कुलपाने सांगितली.

मी त्याला विचारले, रात्री पाठवलेले जेवण का खाल्ले नाहीस? ताट कोपऱ्यात तसेच पडलेले होते. तो म्हणाला, भूक नव्हती. मग मी त्याच्या वरच्या कॉटवाल्या मेकॅनिकला बोलावले आणि एकच प्रश्न विचारला, हा जेवतो कधी?

मेकॅनिकने आधी सुताराकडे पाहिले. सुताराने मान हलवून नको म्हटले. मेकॅनिक त्याला म्हणाला की आता गप्प बसून तुझा काय फायदा आहे, आणि माझ्याकडे वळून सांगितले, “साहेब, नवरात्र लागल्यापासनं ह्याचा डबा रोज इफ्तारला मीच खातंय. ह्यानं पान्याबिगर काय घेतलेलं नाय. सांजचा कोरा चहा, बस.”

मग सगळे बाहेर आले. सुतार तरुणपणापासून पिणारा. तअहुदवर सुटल्यावर गावी फोन केला तेव्हा बायकोने एक शब्दही न बोलता फोन आईच्या हातात दिला. तेव्हा तो गावच्या देवीला नवस बोलला की पुन्हा शिवणार नाही, आणि नवरात्राचे नऊ दिवस निव्वळ पाण्यावर काढीन. खोलीत सांगितले असते तर लोक हसले असते, दारुड्याने उपास धरला म्हणून. कंपनीला सांगितले असते तर उंचावरून खाली उतरवला असता. म्हणून कोणालाच सांगितले नाही. घट पाहूनही माझ्या ध्यानात आले नव्हते, कारण आपल्याकडचे उपास मला माहीत. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, केळी, राजगिऱ्याचे लाडू. असा उपास मीही चालवतो आणि वजन वाढवून उठतो. रिकाम्या पोटी शटरिंग ठोकत त्या उन्हात फिरणारा माणूस माझ्या हिशेबातच नव्हता.

मला त्याचा राग आला. परांचीवरून पडला असता तर देवीच्या नावाने आम्ही काय कळवणार होतो त्याच्या घरी? मी तसे त्याला स्पष्ट बोललो.

कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी फोन केला. ते म्हणाले, असे होऊ शकते. अनेक दिवस अन्न नसले की शरीर अंगातली चरबी जाळू लागते, त्यातून जे निघते ते श्वासात उतरते, आणि साध्या यंत्राला ते आणि दारू यांतला फरक कळत नाही. मी म्हणालो, लेखी द्या. ते म्हणाले, होऊ शकते एवढेच मी सांगतो, याच माणसाचे तसे झाले असे लिहून देणार नाही. डॉक्टरांचे बरोबर होते. मला कागद नको होता, मला पुरावा हवा होता. आणि तो मिळवायची एकच वाट होती. याने जेवायचे, आमच्या नजरेसमोर राहायचे, आणि आकडा उतरलेला मंदूबाने पाहायचा.

हे ऐकल्यावर सुतार पहिल्यांदा रडला. लाल दिवा लागला तेव्हा रडला नव्हता, घरी पाठवतील म्हटल्यावर रडला नव्हता. दसरा अवघ्या काही दिवसांवर होता. मी मंदूबाकडे दसऱ्यापर्यंत मुदत मागून पाहिली. तो नाही म्हणाला, आणि त्याच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. नोकरीवर सुताराचे घर चालत होते, आणि उपासावर तो स्वतः उभा होता. यातले एक निवड, असे एखाद्याला सांगणे मला आवडले नाही, पण सांगितले.

संध्याकाळी बांगेची वेळ झाली. मेकॅनिक ताट घेऊन त्या खोलीत आला. खजूर, भात, डाळ, दोन केळी. तो जमिनीवर बसला, रोजा सोडायला खजूर हातात घेतला आणि दुसरा सुतारापुढे धरला. सुतार हात पुढे करेना. तेव्हा मेकॅनिक म्हणाला, “आमच्यात आजाऱ्याला आन् मुसाफिराला रोजा माफ हाय. तू घरापासनं किती लांब आलायस बघ. तुजी देवी तुला मुसाफिर धरनार नाय?”

सुताराने खजूर घेतला. बराच वेळ तो नुसता हातात धरून बसला, मग तोंडात टाकला. मेकॅनिकने त्याच्यापुढे भात सरकवला आणि स्वतःही जेवायला लागला. मी दारातून बाजूला झालो.

त्या रात्री पहारा तसाच ठेवला. पहाटे रोजा धरण्याआधी, सहरीला, मेकॅनिकने त्याला पुन्हा जेवू घातले. सकाळचा आकडा निम्म्याच्या खाली आला होता. मंदूब दुपारी आला तेव्हा त्याच्यासमोर फुंकायला लावले. शून्य. मी त्याला तिन्ही दिवसांचे आकडे दाखवले, कोंडलेल्या खोलीचे कुलूप दाखवले आणि सगळा प्रकार सांगितला. त्याने शांतपणे ऐकून घेतले. त्याचा स्वतःचा रोजा होता. मग सुताराच्या खांद्यावर हात ठेवून अरबीत काहीतरी म्हणाला आणि निघून गेला. मखफरला काही कळवले गेले नाही.

राहता राहिला ड्रायव्हर. त्याचा आकडा पहिल्या दिवसापासून रोज शून्य. पण शुक्रवारी सुट्टी, गेटवर चाचणी नाही, हे त्याला माहीत होते आणि मलाही. दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची एवढी घाई कोणाला असते, हा विचार मला झडती घेतानाच शिवून गेला होता. पुढच्या शुक्रवारी सकाळी मी पिपाणी खिशात घालून त्याच्या खोलीवर गेलो. लाल दिवा लागला, आणि या वेळी वासही ओळखीचा होता. त्याची बस त्याच दिवशी काढून घेतली. पन्नास माणसे रोज त्याच्या हातावर विसंबून जहराला जात होती, ते मला जास्त लागले. त्याला घरी जावे लागले. पहारा ठेवून आकडा उतरतो का चढतो, तेही मी त्याच्या बाबतीत पाहिले. उतरला.

या प्रकरणाने मला शिकवले ते एवढेच की चाचणी खरी असते ती चाचणी घेणाऱ्याइतकीच. जो न पिणारा होता त्याला यंत्राने पकडले आणि जो पिणारा होता त्याला महिनोन्महिने सोडले. यंत्राचा यात दोष नव्हता, त्याला जेवढे कळत होते तेवढे त्याने सांगितले. आकडा आला की चौकशी संपली असे आपण समजतो, तिथे चूक होते. आकडा आला की चौकशी सुरू होते. त्यानंतर मी गेटवर नियम केला की लाल दिवा लागला की आधी माणसाला विचारायचे, शेवटचे कधी जेवलास?

सुताराची नोकरी राहिली. पण तो त्यानंतर बरेच दिवस खाली मान घालूनच असायचा. एकदा मी त्याला हटकले तेव्हा म्हणाला, “साहेब, नोकरी ऱ्हायली. पन देवीला दिल्याला शब्द मोडला नव्हं.”  तो पुन्हा प्यायला लागेल अशी मला खरोखर भीती वाटत होती. तो प्यायला नाही. सहा महिने रोज पहाटे फुंकत राहिला आणि रोज शून्य आले. तअहुद संपला, यंत्र कपाटात गेले.

पुढच्या वर्षी नवरात्राच्या आधी तो स्वतः माझ्याकडे आला आणि नऊ दिवस खालचे काम मागितले. कारण मी विचारले नाही, फोरमनला चिठ्ठी दिली आणि डॉक्टरांना त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितले. नवव्या माळेला संध्याकाळी तो गेटवरच्या माझ्या ऑफिसात आला. गाल बसलेले, पण मान वर. म्हणाला, “साहेब, ती पिपाणी काढा जरा.”

मी कपाटातून यंत्र काढून दिले. त्याने छाती भरून फुंकले आणि पडदा स्वतःकडे वळवला. लाल दिवा लागला. आकडा मागच्या वर्षीपेक्षा कितीतरी मोठा होता. तो आकड्याकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या तोंडभर हसू पसरले.

यंत्राबरोबर रोजच्या चाचणीचे जुने रजिस्टरही कपाटातून बाहेर आले होते. तो आकडा मी त्यात लिहिला नाही.